टीटीकेंचे दोन राजीनामे: व्यापारी मंत्री होतो तेव्हा नक्की कुठे अडतं

५ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत झालेलं एक भाषण महाराष्ट्रात आजही दर १४ एप्रिलला आणि २६ नोव्हेंबरला हमखास सांगितलं जातं. मसुदा समितीवर सात जण होते; त्यातल्या एकाने राजीनामा दिला, एकाचं निधन झालं, एक अमेरिकेत, एक राज्याच्या कारभारात गुंतलेला, एखाद-दोघं दिल्लीपासून दूर आणि प्रकृतीमुळे येऊ न शकणारे. म्हणून राज्यघटनेच्या मसुद्याचा भार शेवटी एकट्या डॉ. आंबेडकरांवर पडला, असं त्या भाषणात स्पष्ट म्हटलं होतं. बोलणारे गृहस्थ होते टी. टी. कृष्णमाचारी, म्हणजेच टीटीके. डी. पी. खेतान यांच्या निधनानंतर त्याच समितीवर आलेले.

आपल्याकडे टीटीकेंची ओळख बहुधा इथेच थांबते. पण हे गृहस्थ मुळात मद्रासचे व्यापारी. पुढे ते केंद्रात व्यापार व उद्योगमंत्री झाले, दोनदा अर्थमंत्री झाले आणि दोन्ही वेळा राजीनामा देऊन गेले. पहिला राजीनामा मुंबईत झालेल्या एका उघड चौकशीमुळे, दुसरा कुटुंबाच्या धंद्यावरून झालेल्या आरोपांमुळे. उद्योजक मंत्री झाला की काय बिघडू शकतं, कुठला नियम तिथे लागू होतो आणि कुठे नियमच नसतो, हे समजून घ्यायला या दोन राजीनाम्यांइतकं चांगलं प्रकरण भारतात दुसरं नाही.

वितरक ते व्यापारमंत्री

टीटीके १८९९ साली मद्रासमध्ये जन्मले, मद्रास ख्रिश्चन कॉलेजात शिकले. १९२८ मध्ये त्यांनी टी. टी. कृष्णमाचारी अँड कंपनी काढली. कंपनी स्वतः काही बनवत नव्हती. ती वितरक होती. लिव्हरचा साबण, कॅडबरीचं चॉकलेट असा परदेशी कंपन्यांचा माल दक्षिणेत गावोगावच्या दुकानांपर्यंत पोचवायचा, हा धंदा. उधारी किती दिवसांची, कोणत्या गावात कोणता माल खपतो, एजंटाला किती टक्के द्यायचे, हे हिशेब पक्के असतील तरच असा धंदा टिकतो. १९३७ मध्ये ते मद्रासच्या विधानसभेत अपक्ष म्हणून निवडून आले. पुढे मध्यवर्ती कायदेमंडळ, काँग्रेस, घटना समिती आणि १९५२ च्या पहिल्या निवडणुकीनंतर नेहरूंच्या मंत्रिमंडळात व्यापार व उद्योग खातं. धंदा तोवर पुढच्या पिढीच्या हातात गेला होता.

त्या काळात या खात्याच्या हातात काय होतं ते आधी समजून घ्यायला हवं, नाहीतर हितसंबंधांचा प्रश्न हवेत राहतो.

१९५१ चा उद्योग (विकास व नियमन) कायदा मे १९५२ मध्ये लागू झाला. यादीतल्या उद्योगात नवा कारखाना काढायचा, आहे तो मोठा करायचा किंवा नवी वस्तू बनवायची, तर परवाना लागणार. आयातीवरचं नियंत्रण १९४७ च्या कायद्याखाली होतं. सरकार दर सहा महिन्यांनी आयात धोरण जाहीर करी. जुन्या आयातदारांना कोटा मिळे, तो त्यांनी आधीच्या ठरावीक वर्षांत किती माल आणला होता त्याच्या टक्केवारीवर. आधी एक लाखाचा माल आणणाऱ्याला या सहामाहीत पन्नास टक्के कोटा ठरला, तर पन्नास हजारांचा परवाना. दहा टक्के ठरला तर दहा हजारांचा. आणि वस्तू बंदीच्या यादीत गेली तर शून्य. टक्केवारी ठरे खात्यात, फाइलवर.

आता ज्या घराण्याचा धंदा परदेशी मालाच्या वितरणाचा, त्या घरातला माणूस हे टक्के ठरवणाऱ्या खात्याचा मंत्री. १९५० च्या दशकात चैनीच्या वस्तूंची आयात आवळली गेली तेव्हा टीटीके कंपनीच्या वितरणाच्या धंद्याला जबर फटका बसला. म्हणजे वरवर पाहता मंत्र्याने स्वतःच्या घराच्याच पोटावर पाय दिला. पण बाजू तेवढीच नसते. आयात बंद झाली की तीच वस्तू देशात बनवणाऱ्याला बाजार मोकळा मिळतो. या कुटुंबाने पुढे तेच केलं: बंगळूरला प्रेस्टिज प्रेशर कुकरचं उत्पादन सुरू झालं. यात काही गैर होतं असा याचा अर्थ नाही. त्या दशकात शेकडो वितरक घराणी याच वाटेने कारखानदार झाली. मुद्दा वेगळा आहे. हितसंबंध असणं म्हणजे भ्रष्टाचार नव्हे. मंत्र्याच्या सहीने घरच्या धंद्याचं भलं किंवा वाईट होऊ शकतं, ही परिस्थिती म्हणजे हितसंबंध. निर्णय शंभर टक्के चोख असला तरी ती परिस्थिती राहतेच. म्हणून त्यावरचा उपाय मंत्र्याच्या सचोटीत शोधायचा नसतो. आधी जाहीर करणं, लांब राहणं आणि लेखी नोंद ठेवणं, यात शोधायचा असतो.

व्यापारमंत्री म्हणून टीटीकेंचं काम मोठं होतं, हेही सांगायला हवं. भिलाई, राउरकेला आणि दुर्गापूर हे तीन पोलाद कारखाने आकाराला येत होते तेव्हा पोलाद खातंही काही काळ त्यांच्याकडे होतं. खाजगी कारखान्यांना दीर्घ मुदतीचं कर्ज देणारी आयसीआयसीआय ही संस्था जानेवारी १९५५ मध्ये मुंबईत उभी राहिली, तीही त्यांच्याच मंत्रिपदाच्या काळात. कोणत्या कारखान्याला कसला माल, किती आणि कधी लागतो हे त्यांना अधिकाऱ्यांपेक्षा जास्त कळत असे. नेहरूंना त्यांचं मोल होतं ते यामुळेच.

अर्थ खातं, मुंबईमुळे

टीटीके अर्थमंत्री झाले त्याचं कारण महाराष्ट्राशी जोडलेलं आहे. चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नाते गावचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि कुलाब्याचे खासदार, १९५० पासून अर्थमंत्री होते. मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय मंत्रिमंडळात नीट चर्चा न करता झाला, म्हणून त्यांनी जुलै १९५६ मध्ये राजीनामा दिला. त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर ऑगस्टअखेर टीटीके आले. आणखी एक योगायोग: संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात ज्यांच्यावर मुंबईचा सगळा रोष होता ते मोरारजी देसाई नोव्हेंबर १९५६ मध्ये टीटीकेंच्या जुन्या व्यापार खात्यात गेले आणि मार्च १९५८ मध्ये त्यांच्या अर्थ खात्यातही.

देशमुख आयसीएस, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सनदी सेवेतले. प्रत्येक गोष्टीवर टिपण, टिपणावर शेरा, शेऱ्यावर सही, अशा शिस्तीत वाढलेले. टीटीके बाजारात वाढलेले. बाजारात शब्द दिला की सौदा झाला. कागद मागाहून येतो. सरकारात उलट आहे: कागद नसेल तर निर्णय झालाच नाही, आणि तरीही काही बिघडलं तर जबाबदारी मात्र मंत्र्याची. टीटीकेंच्या पुढच्या सगळ्या अडचणींच्या मुळाशी हा फरक आहे, असं आमचं मत आहे.

पहिली ठिणगी रिझर्व्ह बँकेशी पडली. प्रकरण तांत्रिक आहे, पण कळायला अवघड नाही. बँकांना पैसे कमी पडले की त्या व्यापाऱ्यांकडून मुदतीच्या हुंड्या (ठरावीक तारखेला पैसे देण्याचे लेखी वायदे) घेत, त्या रिझर्व्ह बँकेकडे तारण ठेवत आणि कर्ज उचलत. त्या कर्जाचा दर, म्हणजे बँक रेट, तेव्हा ३.५ टक्के होता. तो ठरवणं रिझर्व्ह बँकेचं काम. नोव्हेंबर १९५६ च्या अखेरीस टीटीकेंनी या हुंड्यांवरचं मुद्रांक शुल्क वाढवलं. बँक रेट कागदावर तसाच राहिला, पण शुल्क धरून बँकांना कर्ज पडू लागलं सुमारे ४ टक्क्यांना. म्हणजे व्याजदर वाढला, आणि वाढवला तो अर्थमंत्र्याने, कर लावण्याच्या अधिकारातून. गव्हर्नर बेनेगल रामा राव यांनी याला हरकत घेतली. टीटीकेंचं म्हणणं, रिझर्व्ह बँक हा अर्थ खात्याचाच एक विभाग आहे. नेहरूंनी अर्थमंत्र्याची बाजू घेतली. साडेसात वर्षं गव्हर्नर असलेले रामा राव जानेवारी १९५७ मध्ये पायउतार झाले. काही आठवडे के. जी. आंबेगावकरांनी काम पाहिलं आणि मार्चमध्ये एच. व्ही. आर. अय्यंगार आले. त्याच वर्षी मे महिन्यात बँक रेट रीतसर ४ टक्के झाला आणि शुल्क खाली आणलं गेलं. व्याज वाढवायला हवं होतं, हा टीटीकेंचा अंदाज बरोबर होता. पण ते कोणी वाढवायचं, हा प्रश्न त्यांनी किरकोळ मानला, आणि तो किरकोळ नव्हता.

१९५७ च्या अर्थसंकल्पात त्यांनी अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डोर यांच्या शिफारशींवरून दोन नवे कर आणले. संपत्ती करात व्यक्तीला पहिले २ लाख माफ, पुढच्या १० लाखांवर अर्धा टक्का, त्यापुढच्या १० लाखांवर एक टक्का, उरलेल्यावर दीड टक्का. व्यय कर मोठा खर्च करणाऱ्या श्रीमंतांवर होता. प्राप्तिकराची माफीची मर्यादा ४,२०० वरून ३,००० रुपयांवर आली, त्यामुळे मध्यमवर्गही चिडला. व्यापारी मंत्री झाला म्हणजे धनिकांना सांभाळणार, हा समज टीटीकेंच्या बाबतीत तरी साफ खोटा ठरतो. व्यय कर मोरारजींनी १९६२ मध्ये काढला, टीटीकेंनी १९६४ मध्ये परत आणला, १९६६ मध्ये तो पुन्हा गेला. तो गोळा करायचा खर्च आणि त्रास उत्पन्नाच्या मानाने फार होता. संपत्ती कर मात्र २०१५ पर्यंत टिकला.

मुंधडा प्रकरण: सव्वा कोटी कुठल्या वाटेने गेले

आयुर्विमा महामंडळ १ सप्टेंबर १९५६ रोजी सुरू झालं. २४५ खाजगी विमा कंपन्या आणि संस्था एकत्र करून, ५ कोटी रुपयांच्या सरकारी भांडवलावर. मुख्य कचेरी मुंबईत. महामंडळ सरकारी असलं तरी हप्त्यांचा पैसा लोकांचा, म्हणून कायद्यात दोन कुंपणं होती. गुंतवणुकीवर सल्ला देणारी समिती हे एक. दुसरं कलम २१: लोकहिताच्या धोरणाबद्दल केंद्र सरकार महामंडळाला सूचना देऊ शकतं, पण लेखी. रोजचे व्यवहार सरकारने सांगायचे नाहीत. धोरण सांगायचं असेल तर ते कागदावर.

हरिदास मुंधडा हे कलकत्त्याचे उद्योगपती. कंपन्यांचे शेअर उसन्या पैशावर घेऊन ताबा मिळवायचा आणि तेच शेअर तारण ठेवून आणखी पैसा उचलायचा, ही त्यांची रीत. १९५७ च्या उन्हाळ्यापर्यंत ते कर्जात बुडाले होते. भाव पडला की तारण अपुरं, तारण अपुरं की बँका पैसे मागणार, पैसे द्यायला शेअर विकले की भाव आणखी पडणार, असा तो फास. त्यांना कुणी मोठा खरेदीदार हवा होता.

जून १९५७ च्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, चार-पाच दिवसांत सगळं घडलं. अर्थ खात्याचे प्रधान सचिव एच. एम. पटेल मुंबईत होते. अर्थमंत्रीही मुंबईत येऊन गेले. मुंधडांनी पटेलांची गाठ घेतली, आपली अडचण आणि प्रस्ताव मांडला. मग आयुर्विमा महामंडळाचे अध्यक्ष जी. आर. कामत आणि व्यवस्थापकीय संचालक एल. एस. वैद्यनाथन यांच्यापर्यंत विषय आला आणि महामंडळाने मुंधडांच्या सहा कंपन्यांचे शेअर सुमारे सव्वा कोटी रुपयांना घेतले. मुंबईच्या भायखळ्यातली रिचर्डसन अँड क्रुडास, कलकत्त्याची जेसप, कानपूरची ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन, शिवाय स्मिथ स्टॅनिस्ट्रीट, ऑस्लर लॅम्प आणि अँजेलो ब्रदर्स. महामंडळाचं भांडवल ५ कोटी. त्याच्या चौथ्या हिश्शाएवढी रक्कम एका अडचणीतल्या सटोडियाकडे एका सौद्यात गेली.

या सौद्यात काय काय चुकलं, ते नीट पाहण्यासारखं आहे. माल खपवणारा जो मुंधडा, त्याच्याशीच थेट बोलणी झाली. कोणते शेअर, किती, हेही बहुतेक त्याच्याच यादीवरून ठरलं. गुंतवणूक समितीला विचारलंच नाही. सौदा झाल्यावर तिला कळलं. खरेदीच्या आधीच्या दिवसांत कलकत्त्याच्या बाजारात या शेअरांचे भाव वर नेले गेले होते, आणि महामंडळाने ते चढलेले भाव धरले. कंपन्यांची आर्थिक तब्येत तपासली गेली नाही. आणि कलम २१ खालचा लेखी आदेश कुठेच नव्हता.

पुढे समर्थन असं दिलं गेलं की शेअर बाजार घसरत होता, तो सावरायला खरेदी केली. पण बाजार सावरायचा असेल तर खूप चांगल्या कंपन्यांचे थोडे थोडे शेअर घ्यावे लागतात. एकाच माणसाच्या सहा कंपन्यांचे गठ्ठे घेऊन बाजार सावरत नाही. बाजारभावाचं थोडंफार भान असणाऱ्या कुणालाही हे कळेल, आणि टीटीकेंना तर नक्कीच कळत होतं.

प्रकरण बाहेर काढलं ते काँग्रेसच्याच खासदाराने. फिरोज गांधी, रायबरेलीचे खासदार आणि पंतप्रधानांचे जावई. सप्टेंबरपासून लोकसभेत प्रश्न येत होते आणि उत्तरं गुळमुळीत मिळत होती. १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधींनी तारखा, आकडे आणि पत्रव्यवहार हातात घेऊन सभागृहात सगळं मांडलं. मंत्री आणि सचिव यांच्यातल्या पत्रांचा तपशील त्यांच्याकडे होता, त्यामुळे उत्तर टाळणं शक्य राहिलं नाही.

जानेवारी १९५८ मध्ये सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला. छागलांनी चौकशी मुंबईत आणि उघड घेतली. बँकांचे प्रमुख, सचिव आणि खुद्द अर्थमंत्री लोकांसमोर साक्षीला उभे राहिले. गर्दी एवढी की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. अ‍ॅटर्नी जनरल एम. सी. सेटलवाड यांनी आयोगाला साहाय्य केलं. १० फेब्रुवारीला अहवाल तयार. नेमणुकीपासून काही आठवड्यांतच. आजच्या आयोगांचा वेग पाहता हे खरंच वाटत नाही.

साक्षीत सगळा प्रश्न एका मुद्द्यावर येऊन ठेपला: मंत्र्याने होकार दिला होता का? पटेल म्हणाले, मुंबईत बोलणं झालं, त्यात मंत्र्यांची संमती मिळाली. टीटीके म्हणाले, मी फक्त बघा म्हणालो, खरेदी करा म्हणालो नाही. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर अय्यंगार आणि स्टेट बँकेचे अध्यक्ष पी. सी. भट्टाचार्य यांचा या खरेदीला सल्ला होता, असं भासवलं गेलं होतं. त्यांनी ते नाकारलं. नोंद कुठेच नाही. टिपण नाही, शेरा नाही, दुसऱ्या दिवशी पाठवलेलं साधं पुष्टीचं पत्रही नाही. ‘बघा’ या शब्दाचा अर्थ व्यापारी पेढीवर एक, सचिवालयात दुसरा. पण सौदा झाल्याचं कळल्यावर मंत्र्याने तो नाकारलाही नाही, हे छागलांनी हेरलं.

जबाबदारी कुणाची

छागलांचं उत्तर भारतीय संसदीय कारभारातला एक पायाचा दगड आहे. आपल्या खात्यात मंत्री सर्वाधिकारी असतो. त्या अधिकाराची दुसरी बाजू अशी की त्याच्या हाताखालच्यांनी जे केलं त्याची पूर्ण जबाबदारीही त्याचीच. सचिवाने आपल्याला विचारलं नाही, ही सबब संसदेपुढे चालत नाही. मंत्र्याने स्वतः काही खाल्लं असं छागलांनी म्हटलं नाही.

इथे तीन वेगळ्या गोष्टींची बरेचदा गल्लत होते. घटनेच्या ७५ व्या अनुच्छेदात मंत्रिमंडळाची लोकसभेला सामूहिक जबाबदारी आहे; सरकार पडतं तर सगळं पडतं. फौजदारी किंवा दिवाणी जबाबदारी ज्याने गुन्हा केला त्याची. ती कोर्टात सिद्ध करावी लागते. आणि तिसरी, एकेकट्या मंत्र्याची आपल्या खात्याबद्दलची जबाबदारी, ती घटनेत कुठेही लिहिलेली नाही. ती केवळ प्रथा आहे. म्हणून ती पाळायची की नाही हे शेवटी पंतप्रधान आणि तो मंत्री यांवर राहतं. १९५६ मध्ये अरियालूरच्या रेल्वे अपघातानंतर तेव्हाचे रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्रींनी राजीनामा दिला तो याच प्रथेने.

टीटीकेंनी फेब्रुवारी १९५८ च्या मध्यास पद सोडलं. तुमचा यातला वाटा सर्वांत लहान होता, असं नेहरूंनी त्यांना पत्रातून कळवलं, पण राजीनामा स्वीकारला. त्या वर्षीचा अर्थसंकल्प खुद्द नेहरूंनी मांडला. अधिकाऱ्यांची वेगळी चौकशी विवियन बोस मंडळाने केली. एच. एम. पटेल नोकरीतून गेले, वल्लभ विद्यानगरच्या शिक्षणसंस्थांत रमले आणि १९७७ मध्ये जनता सरकारात अर्थमंत्री म्हणून परतले. छागलांपुढे साक्ष दिलेला सचिव वीस वर्षांनी त्याच खात्याचा मंत्री.

त्या अनुभवाशी जुळणारा एक नियम आज कागदावर आहे आणि तो फार कामाचा आहे. १९६८ च्या अखिल भारतीय सेवा वर्तणूक नियमांत तिसऱ्या नियमात म्हटलं आहे की वरिष्ठांचे आदेश सामान्यतः लेखी असावेत. तोंडी द्यावे लागले तर वरिष्ठाने ते लवकरात लवकर लेखी कायम करावेत, आणि ज्याला आदेश मिळाला त्यानेही लेखी पुष्टी मागून घ्यावी. सचिवालयात काम करणारा कुणीही सांगेल, साहेबांनी फोनवर सांगितलं त्यावर संध्याकाळपर्यंत टिपण चढवायचं: ‘चर्चेनुसार’, तारीख, वेळ, कोण हजर होतं. ही एक ओळ जून १९५७ मध्ये कुणी लिहिली असती तर एकतर सौदा थांबला असता, नाहीतर जबाबदार कोण ते पहिल्या दिवशी कळलं असतं.

परत येणं आणि दुसरा राजीनामा

१९६२ मध्ये टीटीके लोकसभेत आणि मंत्रिमंडळात परतले. आधी बिनखात्याचे, चीनच्या आक्रमणानंतर आर्थिक व संरक्षण समन्वयाचे. ऑगस्ट १९६३ मध्ये पुन्हा अर्थमंत्री. या खेपेचं त्यांचं सर्वांत टिकाऊ काम म्हणजे युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया. १९६३ चा कायदा, फेब्रुवारी १९६४ मध्ये संस्था, जुलैपासून युनिटांची विक्री. सुरुवातीचं भांडवल ५ कोटी: निम्मं रिझर्व्ह बँकेचं, ७५ लाख आयुर्विमा महामंडळाचं, ७५ लाख स्टेट बँकेचं, उरलेलं १ कोटी इतर बँका आणि वित्तसंस्थांचं. युनिट १० रुपयांचं. शेअर बाजाराशी कधी संबंध न आलेल्या शिक्षकाला, कारकुनाला थोड्या पैशात बाजारातला वाटा मिळावा, ही कल्पना. मराठी घरांतल्या कितीतरी कपाटांत युनिट-६४ ची प्रमाणपत्रं होती. मुंधडा प्रकरणाने पोळलेल्या माणसानेच लोकांच्या पैशाच्या गुंतवणुकीची ही रचना उभी केली. जुलै १९६४ मध्ये औद्योगिक विकास बँकही सुरू झाली.

आणि तरी १९६५ मध्ये तोच जुना प्रश्न पुढे आला, या वेळी कुटुंबाच्या कंपन्यांवरून. मुलांच्या धंद्याला सरकारी निर्णयांचा फायदा मिळाला, अशा तक्रारी खासदारांनी पंतप्रधानांकडे दिल्या. तेव्हाचे पंतप्रधान शास्त्री यांचा विचार होता की त्या सरन्यायाधीशांकडे मतासाठी पाठवाव्यात. पंतप्रधानांनी स्वतः कागद पाहून आपल्यावर विश्वास दाखवावा, चौकशीला धाडू नये, असं टीटीकेंना वाटत होतं. ते जुळलं नाही आणि ३१ डिसेंबर १९६५ रोजी त्यांनी राजीनामा दिला. आरोप कुठल्याही कोर्टात सिद्ध झाले नाहीत. त्यांच्या जागी सचिन चौधरी आले. रुपयाचं अवमूल्यन, ज्याला टीटीकेंचा ठाम विरोध होता, जून १९६६ मध्ये झालं. टीटीके १९७४ मध्ये वारले.

आमच्या मते शास्त्रींचा मार्ग बरोबर होता. स्वच्छ माणसालाही तिसऱ्याने तपासणं फायद्याचंच असतं. आरोप झाला आणि तपास झाला नाही की तो कायमचा चिकटतो, आणि टीटीकेंच्या बाबतीत तसंच झालं.

मंत्र्यांची आचारसंहिता काय सांगते

१९६४ मध्ये, भ्रष्टाचार रोखण्याचे उपाय सुचवणाऱ्या संथानम समितीनंतर, मंत्र्यांसाठी आचारसंहिता आली. ती आजही, थोड्या बदलांसह, लागू आहे. पद घेण्याआधी स्वतःची आणि कुटुंबीयांची मालमत्ता, देणी आणि धंद्यातले हितसंबंध पंतप्रधानांना कळवायचे. धंद्याच्या चालवण्याशी आणि व्यवस्थापनाशी संबंध तोडायचा. मालकी मात्र ठेवता येते. पण जो धंदा त्याच सरकारला माल किंवा सेवा पुरवतो, किंवा मुख्यतः सरकारी परवाने, कोटा, पट्टे यांवर चालतो, त्यातली मालकीही सोडायची. पदावर आल्यावर दरवर्षी मालमत्तेचं विवरण द्यायचं, आणि घरातल्या कुणी नवा धंदा सुरू केला तर तेही कळवायचं.

मोठी फट आहे ती पुढे. मालकी किंवा व्यवस्थापन कुटुंबातल्याच दुसऱ्या सज्ञान व्यक्तीला देता येतं, फक्त ती पती किंवा पत्नी नसावी आणि आधीपासून त्या धंद्यात असावी. म्हणजे धंद्यात असलेल्या मुलाला दिलं तर चालतं. शिवाय ही संहिता कायदा नाही. मोडली तर दंड नाही, कोर्ट नाही. केंद्रीय मंत्र्यांच्या बाबतीत पालन करवून घेणं पंतप्रधानांच्या हातात.

कायदा आहे तो लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ९अ. आमदार किंवा खासदार आपल्या धंद्याच्या ओघात संबंधित सरकारशी माल पुरवण्याचं किंवा काम करण्याचं कंत्राट चालू ठेवून असेल, तर तो अपात्र ठरतो. पण कंत्राट कंपनीच्या नावावर असेल तर कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती, आणि इथेच बहुतेक तक्रारी अडकतात.

एखाद्या उद्योजक मंत्र्याबद्दल स्वतः तपासायचं असेल तर

सुरुवात निवडणुकीच्या शपथपत्रापासून करावी, नमुना २६. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते मिळतं. त्यात शेअर, भागीदारी, कर्ज यांबरोबरच सरकारशी असलेल्या कंत्राटांचा रकाना आहे, आणि तो उमेदवारापुरता नाही; पती-पत्नी, अवलंबून असलेले, भागीदारी संस्था आणि ज्यात हिस्सा आहे अशा खाजगी कंपन्या, सगळ्यांची माहिती द्यावी लागते. ‘निरंक’ लिहिलं असेल तर तेही नोंदवून ठेवावं. मग कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकून संचालक कोण आहेत ते पाहावं. थोडं शुल्क भरलं की वार्षिक विवरणपत्र उघडता येतं. त्यात भागधारक आणि वर्षभरात कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर शेअर गेले ते कळतं. मंत्रिपदाची शपथ ज्या तारखेला झाली, तिच्या आगे-मागे संचालकपदाचा राजीनामा आणि शेअरांचं हस्तांतर दिसतं का, हे पाहायचं. केंद्रीय मंत्र्यांची मालमत्तेची वार्षिक विवरणं पंतप्रधान कार्यालयाच्या संकेतस्थळावर ठेवली जातात. ती शपथपत्राशी ताडून पाहावीत. दोन्हीत हिस्सा वेगळा दिसला तर मधल्या वर्षाचं कंपनीचं विवरण उघडावं.

मंत्री राज्यसभेचा असेल तर एक जास्तीचं साधन आहे. त्या सभागृहाच्या नियम २९३ प्रमाणे सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही ठेवली जाते: मोबदल्याचं संचालकपद, नियमित मोबदल्याचं काम, कंपनीतला नियंत्रण देणारा हिस्सा, सशुल्क सल्लागारी आणि व्यावसायिक काम, असे पाच रकाने. माहितीच्या अधिकारात त्यातली नोंद मागता येते.

आणि फाइलवर काय लिहिलं आहे हे पाहायचं असेल तर माहिती अधिकाराच्या अर्जात ‘निर्णयाची माहिती द्या’ असं मोघम लिहू नये. फाइल क्रमांक, तारखांचा कालावधी आणि ‘टिपणी भाग व पत्रव्यवहार भाग, दोन्हींच्या प्रती’ असं लिहावं. तोंडी आदेशावर काम झालं असेल तर टिपणी भागात एकतर ‘चर्चेनुसार’ असा शेरा सापडतो किंवा दोन टिपणांमध्ये प्रस्ताव अचानक बदललेला दिसतो. तो बदल ज्या तारखेचा, त्या तारखेचा हवाला देऊन आपल्या खासदाराला लोकसभेत प्रश्न विचारायला सांगता येतो. त्यासाठी किमान १५ पूर्ण दिवसांची सूचना लागते, आणि तारांकित प्रश्न असेल तर मंत्र्याला उत्तर उभं राहून, उपप्रश्नांसकट द्यावं लागतं.